‘मी नसतोच…’ : समुपदेशन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण

हे प्रकरण समुपदेशनासाठी आलेल्या तरुणाचे कमी आणि त्याला समुपदेशन द्यायला शिकत असलेल्या विद्यार्थिनीचे अधिक आहे. मुंबईतल्या एका महाविद्यालयात समुपदेशन मानसशास्त्राच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक मी पाहते. म्हणजे त्यांनी केंद्रावर घेतलेल्या सत्रांच्या नोंदी वाचते, लागेल तेव्हा टेप ऐकते आणि दर बुधवारी त्यांच्याबरोबर बसते. आमच्याकडे याला सगळे सुपरव्हिजनच म्हणतात आणि मीही पुढे तोच शब्द वापरणार आहे. विद्यार्थिनी आणि तो तरुण या दोघांनी लेखी संमती दिली आहे, दोघांनीही हा मजकूर वाचला आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. विद्यार्थिनीला येथे श्रीमती व. म्हटले आहे. तरुणाला मी कोणतेच नाव दिलेले नाही, कारण वाचून झाल्यावर त्याने तेवढेच मागितले.

विद्यार्थिनी

श्रीमती व. 2023 च्या जुलैमध्ये एम.ए.ला आल्या तेव्हा त्यांचे वय 43 होते. राहणे डोंबिवलीला, यजमान रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, मुलगी बारावीला. बी.ए.ला त्यांनी मराठी आणि मानसशास्त्र हे विषय निम्मेनिम्मे घेतले होते आणि त्यानंतरची वीस वर्षे एका सहकारी पतपेढीत काढली होती, त्यातली शेवटची नऊ वसुलीच्या टेबलावर. वसुलीतून समुपदेशनाकडे कसे काय वळलात, असे प्रवेशाच्या मुलाखतीत मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, थकबाकीदार समोर बसला की पहिली दहा मिनिटं तो हप्त्याचं बोलतच नाही. बायको आजारी आहे, भाऊ वेगळा निघाला, दुकान चालत नाही. ते सगळं ऐकून घेतलं की मग पैसे निघतात. मला ती पहिली दहा मिनिटं आवडतात.’’ उत्तर प्रामाणिक होते आणि मुलाखत घेणाऱ्या आम्हा तिघांनाही आवडले. ‘मग पैसे निघतात’ या तीन शब्दांकडे तेव्हा आमच्यापैकी कोणाचेच लक्ष गेले नाही.

नोकरी करणाऱ्या बाईने घरबसल्या पदवी घ्यावी, असे त्यांना बहुतेकांनी सुचवले होते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे दूरस्थ एम.ए. त्या वेळी चालू होते आणि त्यातून शिकून नेटके काम करणारी माणसे माझ्या परिचयाची आहेत. (पुढे 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली, त्यामुळे आज त्यांच्यासारखी कोणी चौकशीला आली तर तो पर्याय तिच्यापुढे नाही.) श्रीमती व. यांनी पतपेढीत अर्धवेळ काम मागून घेतले, पगार निम्म्यावर आणला आणि नियमित वर्गात प्रवेश घेतला. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या की येथे आपली चूक कोणीतरी ऐकेल. या वाक्याकडे मला पुढे परत यावे लागणार आहे.

या पदवीने नेमके कोण होता येते याबद्दल त्यांच्या घरी गोंधळ होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषध तो लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी 1992 च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेलाच अभ्यासक्रम करावा लागतो. समुपदेशकाला अशी नोंदणी वर्षानुवर्षे नव्हती, त्यामुळे दोन वर्षे एम.ए. केलेली व्यक्ती आणि दोन रविवारांची कार्यशाळा केलेली व्यक्ती एकाच इमारतीत सारखीच पाटी लावू शकत होत्या. सहबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी 2021 मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने समुपदेशकांचा आणि पुनर्वास परिषदेच्या कक्षेबाहेरच्या मानसशास्त्रज्ञांचा समावेश वर्तनविषयक आरोग्यशास्त्राच्या गटात केला आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण 2024 साली प्रात्यक्षिकाला बसलेल्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने पाटी आणि चूक यांच्यामध्ये उभे राहणारे सुपरव्हिजनखेरीज दुसरे काही नव्हते.

केंद्र आणि पहिले सत्र

प्रात्यक्षिकाचे केंद्र लालबाग-परळ भागातल्या एका धर्मादाय ट्रस्टचे आहे. जुन्या चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत आणि मध्ये प्लायवूडचे पार्टिशन आहे. पंखा पूर्ण वेगात ठेवला तर टेपवर काही ऐकू येत नाही आणि बंद ठेवला तर माणूस बसत नाही, म्हणून तो कायम दोनवर असतो. विद्यार्थी दर शनिवारी तेथे सत्रे घेतात आणि संमती मिळाल्यास ती ध्वनिमुद्रित करतात.

तो तरुण 2024 च्या ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आला. वय 26, वडील बेस्टमधून निवृत्त, मोठी बहीण लग्न होऊन कळव्याला. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत तीनदा नापास, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परत. 25 ऑगस्टला व्हायची पूर्वपरीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली गेली होती, 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार होती, आणि खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38 असल्यामुळे ‘आता पुरे’ हे परीक्षा स्वतःहून अजून बारा वर्षे म्हणणार नव्हती. तक्रार म्हणून त्याने झोप लागत नाही एवढेच सांगितले. घरी दादरच्या क्लासला जातो म्हणून सांगून तो चार महिने माटुंग्याच्या ‘पाच उद्यान’ बागेतल्या बाकावर बसत होता, हे पहिल्या सत्राच्या शेवटी, चप्पल घालता घालता सांगितले. अनुभवी समुपदेशकाला ठाऊक असते की महत्त्वाचे वाक्य पुष्कळदा उंबऱ्यावरच येते.

संमतिपत्रावर त्याने न वाचता सही केली. ते पत्र मूळ इंग्रजी होते आणि त्याचा मराठी अनुवाद असा होता की ‘सेवा घेणाऱ्याच्या अथवा इतरांच्या जीवितास संभाव्य हानी पोहोचण्याच्या परिस्थितीत गोपनीयतेच्या मर्यादा लागू राहतील’ या ओळीवरून सहीचा पेन सहज घसरून जावा.

त्यानंतरचे दोन शनिवार गणपतीत गेले. उत्सवात त्या भागात केंद्र उघडण्यात अर्थ नसतो, कारण राजाच्या रांगेतून वाट काढत कोणी समुपदेशनाला येत नाही.

दुसरे आणि तिसरे सत्र, जसे ते मला कळले

आमचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा आहे आणि बाह्य परीक्षक कुठूनही येऊ शकतो, म्हणून विद्यार्थ्यांनी सत्राची शब्दशः नोंद इंग्रजीत द्यावी असा विभागाचा नियम होता. शब्दशः नोंदीची प्रथा या व्यवसायात जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी ध्वनिमुद्रित केलेले एक संपूर्ण प्रकरण पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत 1942 मध्ये छापले, तेव्हापासून खोलीत काय झाले हे समुपदेशकाच्या आठवणीवरून न ठरवता शब्दांवरून ठरवावे ही शिस्त आली. पंचेचाळीस मिनिटांचे सत्र उतरवून काढायला नवशिक्याला पाच-सहा तास लागतात. श्रीमती व. ते रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर करत आणि उतरवता उतरवताच भाषांतरही करत. शब्दशः नोंद आणि भाषांतर या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात का आले नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

दुसऱ्या सत्राची नोंद मी वाचली ती अशी. तरुण निकालाच्या दिवसांविषयी बोलतो आहे. तो म्हणतो की अशा दिवशी आपण परीक्षेला बसायलाच नको होते असे वाटते. विद्यार्थिनी म्हणते की ही भावना स्वाभाविक आहे. तो दुजोरा देतो. मी समासात लाल शाईने लिहिले, ‘समानुभूती चांगली, भावना अचूक पकडली.’ तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

तिसऱ्या सत्रात त्याने सरळच विचारले, ‘‘मग तुम्हीच सांगा ना काकू, अभ्यास सोडू की नको?’’ येथे ‘समुपदेशन’ या शब्दाबद्दल थोडे बोलले पाहिजे. सम् आणि उपदेश. हा शब्द ज्याने कोणी रूढ केला त्याने त्यात उपदेश जसाच्या तसा ठेवला, आणि माणूस केंद्राची पाटी वाचून आत येतो तो उपदेश घ्यायलाच येतो. त्याला दोष देता येत नाही. पहिल्या सहामाहीत आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो की सल्ला देऊ नये, प्रश्न परत त्या माणसाच्या हातात द्यावा. विद्यार्थी ते परीक्षेत बिनचूक लिहितात. आणि मग शनिवारी समोर एक दमलेला मुलगा बसतो, पाटीवरच्या शब्दाप्रमाणे आपला हक्क मागतो, आणि समोर नऊ वर्षे वसुलीच्या टेबलावर तोडगा काढत आलेली बाई असते.

श्रीमती व. यांनी तोडगा काढला. एक वर्ष नोकरी कर, अभ्यास पहाटे कर, मन थाऱ्यावर येईल. आमच्या पतपेढीत लिपिकाच्या दोन जागा निघणार आहेत, अर्ज आण, मी साहेबांशी बोलते. त्या सत्राचा टेप आम्ही नंतर घड्याळ लावून ऐकला. बेचाळीस मिनिटांपैकी सत्तावीस मिनिटे त्या बोलत होत्या.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. निरोपही नाही.

बुधवारचे सुपरव्हिजन

त्या बुधवारी श्रीमती व. अस्वस्थ होत्या, पण स्वतःच्या चुकीमुळे नव्हे. ‘‘मॅडम, मी वाईट काय केलं? त्याला मदतच केली ना?’’ असे त्यांनी विचारले, आणि हा प्रश्न मला गंभीरपणे घ्यावासा वाटला, कारण सल्ला तसा वाईट नव्हता. कोणत्याही काकाने तोच दिला असता. समुपदेशकाने क्लायंटला आपल्या कार्यालयात नोकरी देऊ करणे हे व्यावसायिक नीतीत बसत नाही, कारण मग तो क्लायंट राहत नाही, हाताखालचा माणूस होतो. हे त्यांना पाठ होते आणि त्यांनी ते मान्यही केले. पण मान्य करणे आणि पटणे यांतला फरक चेहऱ्यावर दिसतो.

म्हणून मी टेप लावायला सांगितले, आणि तिसऱ्या सत्राच्या आधी दुसऱ्या सत्राचा. मला फक्त एवढेच पाहायचे होते की तो त्यांना ‘काकू’ कधीपासून म्हणू लागला. पहिल्या सत्रात दोन्ही बाजूंनी ‘तुम्ही’ होते. दुसऱ्या सत्राच्या नवव्या मिनिटाला श्रीमती व. ‘अरे बाळा’ म्हणाल्या आणि त्यापुढच्याच वाक्यात तो ‘काकू’ म्हणाला. इंग्रजी नोंदीत यातले काहीच नव्हते, कारण इंग्रजीत तू आणि तुम्ही यांना एकच शब्द आहे आणि ‘अरे’ला तर कोणताच नाही. नाते बदलले ते कागदावर उमटलेच नाही. काकूला मुलगा पुष्कळ काही सांगतो, पण काकू घाबरेल असे सांगत नाही.

आम्ही टेप पुढे चालू ठेवला. एकविसाव्या मिनिटाला तो तरुण म्हणतो:

‘‘निकालाच्या दिवशी ना काकू, असं वाटतं की मी नसतोच…’’

मग दोन सेकंद पंख्याचा आवाज आहे. त्यानंतर श्रीमती व.:

‘‘…बसलो परीक्षेला तर बरं झालं असतं. हो ना रे? असं सगळ्यांनाच वाटतं.’’

आणि तो, लगेच:

‘‘हो. तसंच.’’

मी टेप थांबवला. श्रीमती व. यांना काय झाले ते कळले होते, कारण त्यांचा हात तोंडावर गेला होता. मराठीचे व्याकरण ज्याच्या कानात आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘नसतो’ हे क्रियापद एकटेही उभे राहते आणि दुसऱ्या क्रियापदाला टेकूही देते. ‘मी नसतोच’ एवढ्यावर वाक्य संपले तर तो स्वतःच्या असण्याविषयी बोलत होता. ‘मी नसतोच बसलो’ असे पुरे केले की तो परीक्षेविषयी बोलतो. त्याने वाक्य अर्ध्यावर सोडले होते आणि त्यांनी, मायेने, दोन सेकंदांत, त्याला दुसऱ्या वाटेने घरी नेऊन पोहोचवले. त्यानेही ती सोय स्वीकारली. मग त्यांनी ते भाषांतरित केले, तेव्हा वाक्य त्याच्या एकट्याच्या तोंडी पूर्ण होऊन आले, आणि मी त्यावर लाल शाईने शाबासकी लिहिली.

तीन ठिकाणी गाळले गेलेले ते वाक्य अठरा दिवसांचे झाले होते.

त्यानंतरचे दोन दिवस

येथे सुपरव्हिजन थांबले आणि काम सुरू झाले. केंद्राच्या नोंदवहीतल्या क्रमांकावर त्याच संध्याकाळी मी स्वतः फोन केला, श्रीमती व. यांना शेजारी बसवून. त्याने दुसऱ्यांदा उचलला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केंद्र खास उघडून घेतले आणि त्या सत्राला मी त्याच्या परवानगीने खोलीत बसले.

आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे थेट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच सांगतो. पण थेट विचारायचे म्हणजे मराठीत कोणत्या शब्दांत विचारायचे, हे सांगत नाही. पाठ्यपुस्तकातले इंग्रजी वाक्य उलथून मराठीत आणले तर ते पोलिसी जबाबासारखे ऐकू येते. घरगुती भाषेत ‘जिवाचं काही बरं-वाईट करून घ्यावंसं वाटतं का’ असे म्हणतात. ते मऊ आहे, पण त्याला ‘नाही हो’ म्हणून निसटणेही तितकेच सोपे आहे. आदल्या रात्री श्रीमती व. यांनी मला फोन करून वाक्याचे चार पाठ वाचून दाखवले होते. सत्रात त्यांनी पुन्हा ‘तुम्ही’ सुरू केले आणि म्हणाल्या:

‘‘त्या दिवशी तुम्ही ‘मी नसतोच’ म्हणालात आणि ते वाक्य मीच पुरं करून टाकलं. चुकलं माझं. तुम्हाला काय म्हणायचं होतं?’’

तो बराच वेळ बोलला नाही. मी घड्याळाकडे पाहिले नाही, म्हणून किती वेळ ते सांगता येत नाही. मग म्हणाला, ‘‘तुम्हाला तेव्हाच कळलं असेल असं वाटलं होतं मला.’’ त्यानंतर श्रीमती व. यांनी ‘मरून जावंसं वाटतं का’ हे सरळ शब्दांत विचारले आणि त्याने हो म्हटले.

पुढचे प्रश्न ठरलेले असतात आणि ते त्यांनी न अडखळता विचारले: हे विचार किती वेळा येतात, काही ठरवले आहे का, पूर्वी कधी प्रयत्न केला आहे का, घरी एकटे असण्याच्या वेळा कोणत्या, आणि आजवर कशाने थांबवले. विचार निकालाच्या आसपास आणि पहाटे जोर धरत, काही ठरवलेले नव्हते, पूर्वी प्रयत्न नव्हता. थांबवणारी गोष्ट म्हणून त्याने बहिणीच्या चार वर्षांच्या मुलीचे नाव घेतले. बहिणीला सांगायला तो तयार झाला, वडिलांना नको म्हणाला, आणि तेवढेच ठरले. सुरक्षा-योजना, म्हणजे असे विचार आले तर काय करायचे आणि कोणाला सांगायचे याचा कागद, मराठीत, त्याच्याच अक्षरात लिहून घेतली. रात्री-अपरात्रीसाठी तीत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा चोवीस तास चालणारा क्रमांक होता. दुसऱ्या दिवशी बहीण त्याच्याबरोबर महापालिकेच्या रुग्णालयात मनोविकार विभागाच्या ओपीडीला गेली. तेथे नैराश्याचे निदान होऊन औषध सुरू झाले आणि आमच्याकडची सत्रे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू राहिली.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट कळली. मधल्या शनिवारी तो का आला नाही, हे त्याने न विचारता सांगितले. ‘बाईंनी नोकरी बघितलीय’ असे त्याने घरी सांगितले होते. वडील खूश झाले, आईने पेढे आणले, बहिणीनेही फोनवर अभिनंदन केले. सल्ला सगळ्यांना लागू पडला होता. नोकरीला नकार द्यायला तोंड नव्हते आणि केंद्रावर यायलाही. ज्या एका खोलीत कोणाचीही अपेक्षा नव्हती, तेथे आता काकूंची अपेक्षा जाऊन बसली होती.

‘वाटणे’

नंतरच्या महिन्यांत श्रीमती व. मराठीतच नोंदी लिहू लागल्या, विभागाची परवानगी यायच्या आधीपासून. त्या नोंदी वाचताना दोघींच्याही लक्षात एक अडचण आली जी इंग्रजीत कधी दिसली नसती. भावना विचारण्यासाठी आपल्याकडे हाताशी असलेले क्रियापद ‘वाटणे’ आहे, आणि ते मताचेही काम करते. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असे विचारले की माणूस मत देतो: मला वाटतं, नोकरी करावी. ‘कसं वाटतं?’ म्हटले की तो तब्येत सांगतो: बरं वाटतं. दोन्ही उत्तरे बरोबर आणि दोन्ही निरुपयोगी. पाठ्यपुस्तकातला भावना परावर्तित करण्याचा, म्हणजे माणसाची भावना त्यालाच परत ऐकवण्याचा, धडा मराठीत करायचा तर त्या माणसाचाच शब्द उचलावा लागतो, आणि मराठीत हे शब्द बहुधा शरीरात असतात. पोटात गोळा येतो, छातीवर दगड असतो, जीव कासावीस होतो, हातपाय गळतात. त्या तरुणाचा शब्द ‘घालमेल’ होता. श्रीमती व. यांनी त्याला विचारले की ही घालमेल कुठे होते, तेव्हा त्याने मानेखाली, गळ्याच्या खळगीवर बोट ठेवले. नोंदीत त्यांनी कंसात लिहिले आहे, ‘येथे मी काही बोलले नाही.’ त्या वाक्यासाठी मी लाल शाई वापरली नाही.

हा भाग मी लांबवला आहे हे मला कळते. पण मुंबईत कलिना, चर्चगेट किंवा देवनार, कुठेही हा विषय शिकलेल्या माणसाला विचारावे: आपण ऐकायला इंग्रजीत शिकतो आणि ज्यांचे ऐकायचे ते मराठीत, हिंदीत, कोकणीत बोलतात. आमच्या तासांना रोल-प्लेही इंग्रजीत होतो. वसुलीच्या टेबलावर श्रीमती व. ज्या भाषेत निष्णात होत्या ती भाषा आम्ही त्यांना दोन वर्षे दाराबाहेर ठेवायला सांगितली, आणि केंद्रावर ती परत आली तेव्हा आपल्या सगळ्या सवयींसकट आली: अरे बाळा, मी बोलते साहेबांशी, असं सगळ्यांनाच वाटतं.

‘आपली चूक कोणीतरी ऐकेल’ म्हणून त्यांनी नियमित वर्ग निवडला होता. ती मी ऐकली नव्हती, वाचली होती, तीही भाषांतरात. त्या सहामाहीत माझ्याकडे नऊ विद्यार्थी होते आणि प्रत्येकाचा प्रत्येक टेप ऐकणे शक्य नव्हते, हे खरे आहे. पण दर सत्रातली कोणतीही पाच मिनिटे ऐकणे शक्य होते, आणि आता मी तेवढे करते. विभागाने त्याच वर्षाअखेर नियम बदलला. नोंद ज्या भाषेत बोलणे झाले त्या भाषेत द्यायची, मूळ नागरी लिपीत, अर्धवट वाक्ये अर्धवटच ठेवायची, आणि बाह्य परीक्षकासाठी फक्त सारांश इंग्रजीत जोडायचा. एका सहकाऱ्याने यावर आक्षेप घेतला की यामुळे गुणदानात समानता राहणार नाही. आक्षेप चुकीचा नाही, आणि तो अजून सुटलेला नाही.

संमतिपत्राचा अनुवाद श्रीमती व. यांनी पुन्हा केला. त्यातली ती ओळ आता अशी आहे: ‘इथे बोललेलं मी कोणाला सांगणार नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर मात्र सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुमच्याशी बोलेन.’ पहिल्या कच्च्या मसुद्यात ‘असं वाटलं तर’ होते. ते त्यांनीच खोडले.

तरुणाने पतपेढीत अर्ज केला नाही. वडिलांना त्याने नोव्हेंबरमध्ये, बहिणीला बरोबर घेऊन, क्लासचे खरे काय ते सांगितले. 1 डिसेंबरला झालेल्या पूर्वपरीक्षेला तो बसला. निकाल काय लागला याचा या प्रकरणाशी संबंध नाही. श्रीमती व. 2025 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. पतपेढीतली अर्धवेळ नोकरी त्यांनी सोडलेली नाही, कारण केंद्रावरच्या मानधनात डोंबिवलीचा पास आणि चहा एवढेच निघते. वसुलीचे टेबल मात्र बदलून घेतले आणि आता त्या ठेवी बघतात.

त्यांच्या शेवटच्या मूल्यमापनासाठी दिलेल्या टेपात, फेब्रुवारीतल्या एका सत्रात, तो तरुण पुन्हा तोच प्रश्न विचारतो. आता तो त्यांना ताई म्हणतो आणि त्या त्याला तुम्ही म्हणतात. ‘‘मग ताई, पुढच्या वर्षीचं काय करू?’’ त्यानंतर चौदा सेकंद पंखा ऐकू येतो. मग त्याचाच आवाज:

‘‘तुम्ही हल्ली काही सांगतच नाही हां.’’

टेपवर दोघेही हसतात. मग तो खुर्ची थोडी पुढे ओढतो आणि बोलायला लागतो.